दीड महिन्याचा डोस: कोल्हापुरातील लसीकरण सेवा आणि डांग्या खोकल्याच्या दोन लशी

कोल्हापुरात दीड महिन्याच्या बाळाला पहिला मोठा डोस द्यायचा झाला, तर घरच्यांपुढे दोन पर्याय असतात. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची लस हा एक. आणि राजारामपुरी, शाहूपुरी किंवा ताराबाई पार्क भागातल्या खासगी बालरुग्णालयात पैसे भरून मिळणारी सहा रोगांवरची एकत्रित लस, जिला सगळे सर्रास ‘पेनलेस’ म्हणतात, हा दुसरा. लेक बाळंतपणासाठी माहेरी आल्यामुळे गेल्या काही महिन्यांत मला या दोन्ही सेवा जवळून पाहता आल्या. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. त्यामुळे या परीक्षणात खुर्च्या, पंखे आणि गाडी लावायची सोय यांपेक्षा एकाच गोष्टीकडे मी अधिक लक्ष दिले आहे: डांग्या खोकल्यापासून बाळाला राखण्याचे काम कोणती लस आणि कोणती सेवा किती नीट करते. माझे मत आधीच सांगून टाकते. सुरुवातीच्या तीन डोसांसाठी महापालिकेच्या केंद्रातली साधी लस आम्ही निवडली आणि त्या निवडीबद्दल मी समाधानी आहे. मात्र गरोदर मातेच्या लसीकरणाच्या बाबतीत सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवा मला अपुऱ्या वाटल्या.

आधी खासगी रुग्णालयाविषयी. नाव देत नाही, कारण माझा आक्षेप त्या एका रुग्णालयापुरता नाही. वेळ आधी ठरवून मिळते, फार ताटकळावे लागत नाही, बाळाला पाजण्यासाठी वेगळी खोली आहे आणि ती खरोखर स्वच्छ आहे. डॉक्टरांनी बाळ नीट तपासले, वजन आणि डोक्याचा घेर मोजून नोंदवला. त्याआधी, आम्ही स्वागतकक्षात नाव सांगत होतो तेव्हाच, तिथल्या मुलीने फाईल पुढे सरकवत विचारले होते, ‘‘काकू, पेनलेस देऊया न्हवं?’’ तिचा स्वर आपुलकीचा होता आणि बाळाला त्रास होऊ नये असेच तिला मनापासून वाटत होते, याबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रश्नातून असे समजते की दोन्ही लशींत फरक फक्त दुखण्याचा आहे आणि जास्त पैसे मोजले की तेवढे दुखणे टळते. न दुखणाऱ्या लशीचा खर्च चार हजारांच्या आसपास होता, दुसरीचा बराच कमी. या फरकाच्या बदल्यात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आपण होऊन कोणीही सांगितले नाही.

मी माहितीपत्रक मागितले. डॉक्टरांनी लगेच खोक्यातून काढून हातात दिले, हे आवर्जून नोंदवते, कारण असे कागद सहसा खोक्याबरोबर कचऱ्यात जातात. बारीक अक्षरातला तो कागद वाचण्यासारखा असतो. हेक्साक्झिम या ‘पेनलेस’ लशीत डांग्या खोकल्यासाठी दोनच घटक आहेत: निष्प्रभ केलेले पर्टुसिस विष २५ मायक्रोग्रॅम आणि फिलामेंटस हिमॅग्लुटिनिन हे जिवाणूला श्वासमार्गाला चिकटवणारे प्रथिन २५ मायक्रोग्रॅम. तशाच इन्फॅनरिक्स हेक्सा या दुसऱ्या लशीत हेच दोन घटक तेवढ्याच मात्रेत असून शिवाय पर्टॅक्टिन नावाचे तिसरे प्रथिन ८ मायक्रोग्रॅम आहे. या झाल्या पेशीविरहित, म्हणजे असेल्युलर लशी. सरकारी पेंटाव्हॅलंट लशीत मात्र मारलेला संपूर्ण जिवाणूच असतो, म्हणजे त्याची शेकडो प्रथिने एकाच वेळी बाळाच्या शरीराला ओळखायला मिळतात. ताप आणि सूज जास्त येते ती याच कारणाने. लस किती दुखते आणि ती किती शिकवते, या दोन्ही गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि म्हणूनच केवळ दुखण्यावरून केलेली निवड मला पटत नाही.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी जिवाणूकडे वळावे लागते. डांग्या खोकल्याचा जिवाणू, बोर्डेटेला पर्टुसिस, १९०६ साली ब्रसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह जांगू यांनी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. पेशीविरहित लशीसाठी लागणारी प्रथिने ज्या जिवाणूपासून काढतात, त्यातला सर्वांत प्रसिद्ध वाण म्हणजे ‘तोहामा १’. हा वाण, किंवा आजच्या बोलीत स्ट्रेन, १९५०च्या दशकात जपानमधल्या एका रुग्णाकडून मिळालेला आहे. २००३ मध्ये या जिवाणूचा पहिला संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तोही याच वाणाचा. म्हणजे ज्या जिवाणूच्या प्रथिनांवर आजच्या महागड्या लशींचा मोठा भाग उभा आहे, तो रुग्णाच्या घशातून बाहेर पडून आता सत्तरएक वर्षे झाली आणि तेव्हापासून तो प्रयोगशाळेतच वाढतो आहे. बाहेर माणसांच्या घशात फिरणारे त्याचे भाऊबंद मधल्या काळात बदलत गेले.

हे बदल कोणते, ते थोडे सविस्तर सांगते. पहिला बदल पर्टुसिस विषाच्या जनुकात आहे. तोहामा वाणातील या विषाच्या मुख्य भागाचे जनुक ज्या प्रकारचे आहे, त्याला पीटीएक्स-ए२ म्हणतात. आज बहुतेक देशांतील रुग्णांकडून मिळणाऱ्या वाणांत त्या जागी पीटीएक्स-ए१ सापडते. दुसरा बदल विषाच्या बनावटीत नसून ते किती तयार व्हावे हे ठरवणाऱ्या भागात आहे. जनुकाच्या आधी येणाऱ्या या प्रवर्तक भागात डीएनएच्या अक्षरांचा अगदी किरकोळ फरक पडला आणि पीटीएक्स-पी१ऐवजी पीटीएक्स-पी३ हा प्रकार जगभर पसरला. या प्रकारचे जिवाणू विष अधिक प्रमाणात तयार करतात, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. या विषामुळे पांढऱ्या पेशी रक्तातून ऊतींत शिरू शकत नाहीत, रक्तातच साठत जातात. डांग्या खोकल्याच्या तान्ह्या रुग्णाच्या रक्त-अहवालात पांढऱ्या पेशी अचानक खूप वाढलेल्या दिसतात त्या यामुळे, आणि तो आकडा फार चढला तर बाळाच्या जिवावर बेतते. विषाचे प्रमाण हा म्हणूनच केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नाही.

तिसरा बदल मला सर्वांत विलक्षण वाटतो. पर्टॅक्टिन हे जिवाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. तोहामा वाणात त्याचा पहिला प्रकार होता. पुढे दुसरा प्रकार जास्त आढळू लागला. आणि त्यानंतर असे जिवाणू मिळू लागले की ज्यांनी हे प्रथिन तयार करणेच सोडून दिले होते. या जिवाणूच्या जनुकसंचात आयएस ४८१ नावाच्या, एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणाऱ्या तुकड्याच्या दोनशेहून अधिक प्रती आहेत. त्यातली एखादी प्रत पर्टॅक्टिनच्या जनुकात मध्येच जाऊन बसली की ते जनुक निकामी होते. कधी एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाची साखळी अर्ध्यावर तुटते, तर कधी प्रवर्तकाचा भागच उलटा होऊन बसतो. वाटा वेगवेगळ्या असल्या तरी परिणाम एकच होतो. जपान, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा परस्परांपासून दूर असलेल्या देशांत हे स्वतंत्रपणे घडले, आणि अमेरिकेत २०११ ते २०१३ या काळात तपासलेल्या वाणांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत पर्टॅक्टिन नव्हते. ज्यांनी पेशीविरहित लस घेतली होती, त्यांच्यात लागण झालीच तर ती पर्टॅक्टिन नसलेल्या वाणाची असण्याची शक्यता अधिक, असेही तिथे दिसून आले. याउलट डेन्मार्कमध्ये अनेक वर्षे केवळ निष्प्रभ विषाचीच लस वापरली गेली, तिच्यात पर्टॅक्टिन नव्हते. आणि तिथे असे वाण क्वचितच मिळाले. लशीत जे आहे, नेमके तेच टाकून देण्याकडे जिवाणूचा कल दिसतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे तालमीतल्या उदाहरणाने चटकन पटेल. एखाद्या पैलवानाकडून दोन-तीन डावांचीच तोड घोटून घेतली आणि समोरच्याने त्यातला एक डाव टाकायचेच सोडून दिले, तर तेवढी तयारी वाया जाते; ज्याने सगळ्या अंगाची मेहनत केली आहे, त्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

तरीही इथे थांबून ‘जिवाणू बदलला, म्हणून लस निरुपयोगी झाली’ असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे ठरेल, आणि समाजमाध्यमांवर असे लिहिणाऱ्यांमुळे मला खरोखर काळजी वाटते. पर्टॅक्टिन नसलेले वाण जिथे मुबलक होते, त्या अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील अभ्यासातही लशीचे संरक्षण टिकून असल्याचे आढळले, कारण लशीतील इतर घटक, विशेषतः निष्प्रभ विष, आपले काम करतच असतात. विषाच्या जुन्या आणि नव्या प्रकारांतील फरक इतका मोठा नाही की जुन्या विषाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे नव्याला ओळखणारच नाहीत. वाणांतील फरक हे रोग पुन्हा वाढण्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे, आणि बहुधा सर्वांत मोठेही नव्हे.

मोठे कारण आहे संरक्षण ओसरण्याचे. कॅलिफोर्नियात २०१० च्या साथीत दहा तान्ही बाळे दगावली, आणि आजारी पडलेल्या मोठ्या मुलांत आठ ते दहा वर्षांची अशी अनेक मुले होती की ज्यांचे पेशीविरहित लशीचे सर्व डोस वेळेवर झाले होते. त्यानंतर तिथेच झालेल्या अभ्यासात असे दिसले की पाचव्या डोसानंतर दर वर्षी डांग्या खोकला होण्याची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढत जाते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांची तुलना करता आली, कारण त्या वर्षी एक लस जाऊन दुसरी येत होती. ज्यांची सुरुवात संपूर्ण पेशींच्या लशीने झाली, त्यांना दहा-बारा वर्षांनीसुद्धा, पेशीविरहित लशीने सुरुवात झालेल्यांपेक्षा हा रोग कमी झाला. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. पहिला डोस कोणता, याचा ठसा इतकी वर्षे टिकतो. आणि २०१४ च्या सुरुवातीस प्रसिद्ध झालेल्या बबून माकडांवरील प्रयोगात पेशीविरहित लस घेतलेली माकडे आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जिवाणू आठवडेच्या आठवडे वाढत राहिले आणि शेजारच्या माकडांनाही लागले. संपूर्ण पेशींची लस घेतलेल्यांच्या घशातून तो लवकर नाहीसा झाला. घरात तान्हे मूल असेल, तर मोठ्या भावंडाच्या घशात जिवाणू राहतो की जातो याला किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. पेशीविरहित लस कुणाच्या लहरीने आलेली नाही. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास जुन्या लशीनंतर दोन बालकांचा मृत्यू झाला, लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण कोसळले आणि १९७९ मध्ये तेरा हजारांवर रुग्ण व ४१ मृत्यू अशी साथ आली. १९८१ मध्ये तिथे पेशीविरहित लस सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर, आणि तिने विश्वास परत मिळवून दिला. शिवाय संपूर्ण पेशींची प्रत्येक लस चांगलीच असते असेही नाही. १९९०च्या दशकात इटली आणि स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत तुलनेसाठी घेतलेली एक जुनी लस पन्नास टक्केसुद्धा संरक्षण देऊ शकली नाही, आणि नव्या पेशीविरहित लशी तिच्यापेक्षा कितीतरी सरस ठरल्या. संपूर्ण पेशींच्या लशीचा कस जिवाणू कसे वाढवले, कसे मारले आणि कोणते वाण मिसळले यावर अवलंबून असतो. तिची शक्ती उंदरांवर तपासण्याची पद्धत पर्ल केन्ड्रिक या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंच्या नावाने ओळखली जाते. त्यात उंदरांना ज्या वाणाची लागण करतात, तो १८३२३ क्रमांकाचा वाण स्वतःच इतर बहुतेक वाणांपासून जनुकीयदृष्ट्या बराच दूरचा आहे. इतक्या वेगळ्या वाणाची लागण करूनही उंदीर वाचतो तेव्हाच लस उत्तीर्ण ठरते, ही गोष्ट मला दिलासा देणारी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये, जे देश सुरुवातीच्या डोसांसाठी संपूर्ण पेशींची लस वापरतात त्यांनी तीच चालू ठेवावी, असे सुचवले. भारताने ती कधी सोडलीच नव्हती, आणि आपल्या पुण्यातून ती जगभर जाते.

हे सगळे लेक आणि जावई यांच्याशी बोलून झाल्यावर आम्ही महापालिकेच्या केंद्रात गेलो. तिथे गर्दी होती. बाके कमी आणि माणसे जास्त, एका बाळाबरोबर आई, आजी, कधी आत्या, आणि बाहेर गाडीवर थांबलेले वडील. थांबावे लागले, आणि तान्ह्या बाळाला घेऊन थांबणाऱ्या बाळंतिणीला ते सोपे नसते. पाजण्यासाठी आडोसा नव्हता. एका कोपऱ्यात शाल धरून उभे राहावे लागले. एवढी एक सोय महापालिकेने केली, तर या सेवेकडे पाठ फिरवणारी अनेक कुटुंबे परत येतील असे मला वाटते.

पण लस देण्याचे प्रत्यक्ष काम जवळून पाहिल्यावर मी आत्ता लिहिते आहे ते निःशंक मनाने लिहिते. सिस्टरांनी लशीची कुपी शीतपेटीतून काढली तेव्हा मी पाहायला मागितली आणि त्यांनी न कुरकुरता दाखवली. दहा डोसांची कुपी, तिच्यावर ती उघडल्याची तारीख आणि वेळ पेनाने लिहिलेली. लेबलवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. उष्णता लागत गेली की आतला चौकोन गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाला पोहोचला की कुपी टाकून द्यायची. इथे चौकोन स्पष्ट फिकट होता. ही लस गोठली तरी बिघडते, आणि ते त्या चौकोनावरून कळत नाही. म्हणून मी विचारले, तर सिस्टरांनी पेटीतल्या बर्फाच्या थैल्या आधी बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळू लागले की मगच पेटीत भरतो, असे समजावून सांगितले. एकदाच वापरता येणारी सिरिंज, बाळाच्या डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सुई, अर्धा मिलीलिटर. उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस, उजव्या दंडावर पोलिओची कातडीतली, आणि तोंडातून पोलिओ व रोटाव्हायरसचे थेंब. बाळ रडले, आईने पदराखाली घेतले, गप्प झाले.

त्यानंतर सिस्टरांनी जे सांगितले, ते खासगी रुग्णालयात कोणी एवढ्या नीट सांगितले नव्हते. ‘‘आजी, आज रात्री ताप येणार, घाबरून जाऊ नका. औषध लिहून दिलंय तेवढंच द्या. सुईच्या जागेवर ओल्या फडक्याची घडी ठेवायची, शेकायचं नाही, चोळायचं नाही, तेल-हळद काय बी लावायचं नाही.’’ कोणती लस दिली, ती कशासाठी, पुढच्या वेळी कधी यायचे, कार्ड का जपायचे, हे सगळे त्यांनी लेकीला स्वतंत्रपणे समजावले आणि अर्धा तास तिथेच बसवून ठेवले. रात्री ताप आला, मांडी सुजली, बाळ दोन दिवस किरकिरे होते आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत हसू लागले. हा त्रास खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पहिलटकरणीला तो फार वाटतो. ज्या बाळाला आधीच्या डोसानंतर झटके आले असतील किंवा डॉक्टरांना काही वेगळी शंका असेल, त्यांनी अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने पेशीविरहित लस घ्यावी. ती कमी प्रतीची नाही, तिचे सर्व डोस पूर्ण केले तर तीव्र आजारापासून ती चांगले रक्षण करते. लस चुकवण्यापेक्षा दोन्हींपैकी कोणतीही घेणे शतपटीने चांगले.

आता माझी मुख्य तक्रार. डांग्या खोकला सर्वाधिक जीव घेतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे बाळाचे डोस सुरू होण्याआधी किंवा जेमतेम सुरू झाल्यावर. इतक्या लहान बाळाला खोकल्यानंतर श्वास आत ओढतानाचा तो ओळखीचा ‘हूप’ आवाज येतच नाही. खोकता खोकता श्वास थांबतो, ओठ निळे पडतात, आणि घरचे समजतात की दूध अडकले. या काळात त्याच्याकडे असलेले एकमेव संरक्षण म्हणजे आईच्या रक्तातून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत चौदा बाळे दगावली, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना ही लस देण्यास सुरुवात झाली आणि तान्ह्या बाळांतील रोग सुमारे नव्वद टक्क्यांनी टळत असल्याचे दिसून आले. त्या काळात तिथेही बदललेलेच वाण फिरत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गरोदर मातेला धनुर्वात आणि घटसर्प यांची लस मिळते, डांग्या खोकल्याची नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती घ्यावी असे सांगते आणि ती खासगी दवाखान्यांत उपलब्ध आहे: बूस्ट्रिक्समध्ये डांग्या खोकल्याचे तीन घटक, अ‍ॅडासेलमध्ये फिम्ब्रिए (जिवाणूच्या अंगावरचे केसांसारखे तंतू) धरून पाच. लेकीची नावनोंदणी ज्या दवाखान्यात होती, तिथे सोनोग्राफीपासून डोहाळजेवणाच्या तारखेपर्यंत सगळ्याची चौकशी आपुलकीने झाली, पण या लशीचा विषय आपण होऊन कोणी काढला नाही. मी विचारल्यावर ‘हवी असल्यास देऊ’ असे उत्तर मिळाले. सत्तावीस ते छत्तीस आठवडे ही तिची योग्य वेळ. आम्ही आठव्या महिन्यात ती घेतली. ज्या घरात विचारणारे कोणी नाही, तिथे ही वेळ निघून जाते. बाळाच्या ‘पेनलेस’ डोसासाठी चार हजार मोजायला तयार असलेल्या कुटुंबाने त्याहून कमी खर्चात आईला ही एक लस आधी द्यावी, असे मी परिचयातल्या प्रत्येकाला सांगते. महापालिकेने किंवा राज्य शासनाने ती मोफत द्यावी, ही मागणीही इथे स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवते.

पुढच्या डोसांबाबत केंद्राची पद्धत मला आवडली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस आम्ही इथेच पूर्ण केले. लेक आता सासरी बेंगळुरूला परत जाईल, म्हणून सिस्टरांनी कार्डावरच्या नोंदी पुन्हा तपासून दिल्या आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टरखाली पेनाने रेघ मारली. पाच ते सहा वर्षांचा दुसरा बूस्टर तर अनेक कुटुंबे विसरूनच जातात. बालवाडीतून पहिलीत जाण्याच्या गडबडीत तो राहतो. संरक्षण ओसरते हे एकदा समजले, की हे दोन डोस पहिल्या तीन डोसांइतकेच महत्त्वाचे का आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. आशा ताई घरी येऊन आठवण करतात ही आपल्या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. अपार्टमेंटमध्ये मात्र त्यांना सुरक्षारक्षक आत सोडत नाहीत, असे एका ताईंनी मला सांगितले, आणि ते ऐकून वाईट वाटले.

शेवटी निदानाच्या सोयीविषयी, कारण लसीकरण सेवेचे मूल्यमापन त्याशिवाय पूर्ण होत नाही. शहरातील काही प्रयोगशाळांत मी चौकशी केली. डांग्या खोकल्याची पीसीआर तपासणी करून मिळते, पण नमुना बाहेरगावी पाठवला जातो आणि खर्च बराच येतो. ही तपासणी बहुधा त्याच आयएस ४८१ तुकड्याचा शोध घेते. त्याच्या प्रती खूप असल्याने थोडे जिवाणूही सापडतात, मात्र हा तुकडा बोर्डेटेला होल्म्सिआय या भाऊबंदातही असतो, आणि चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत तपासलेल्या उत्तर भारतातील रुग्णांत हा भाऊबंद, तसाच पॅरापर्टुसिस हा दुसरा भाऊबंद, आढळलेला आहे. त्यापुढची अडचण अशी की या तपासणीतून जिवाणू आहे की नाही एवढे कळते. त्यात पर्टॅक्टिन आहे का, विषाचा प्रवर्तक कोणत्या प्रकारचा आहे, अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला तो दाद देतो का, हे कळण्यासाठी जिवाणू वाढवून पाहावा लागतो. हा प्रश्न काल्पनिक नाही. चीनमध्ये या औषधाला न जुमानणारे वाण मोठ्या प्रमाणावर पसरले आहेत. जिवाणू वाढवण्यासाठी नाकाच्या मागच्या भागातून योग्य प्रकारच्या काडीने नमुना घ्यावा लागतो, कापसाची काडी चालत नाही कारण कापसातील स्निग्धाम्ले या नाजूक जिवाणूला मारतात, आणि कोळसायुक्त माध्यमावर तो आठवडाभरही वाढवत ठेवावा लागतो. प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना घेतला, तरच त्याचा उपयोग. कोल्हापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, सीपीआरसारखे मोठे रुग्णालय आहे, सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्या घेऊन बाहेर पडणारी मुले-मुली दर वर्षी आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या आणि खोकल्यानंतर उलटी होणाऱ्या मुलांचे नमुने इथेच वाढवण्याची सोय झाली, तर करवीरच्या पोरांच्या घशात कोणता वाण फिरतो आहे हे आपल्याला दुसऱ्या देशांच्या अहवालांवरून ताडत बसावे लागणार नाही.